घरची ओळ

बाभुळखेड्यात भेंडीचं रान कुणाचंही असो, विहिरीच्या अंगाला एक ओळ वेगळी असते. तिला घरची ओळ म्हणतात. ती किडते, तिच्या पानांना भोकं पडतात, तिच्या भेंड्या वाकड्यातिकड्या निघतात, पण तिच्यावर औषधाचा फवारा कधी उडत नाही. पाठीवर पंप घेतलेला गडी त्या ओळीपाशी आला की हातातली नळी आपोआप खाली होते आणि ओळ ओलांडली की पुन्हा वर होते. याचा ग्रामसभेत ठराव झालेला नाही, कृषी खात्यानं त्यावर पत्रक काढलेलं नाही. बाहेरच्या माणसानं विचारलंच, तर गावकरी म्हणतात, "ती होय? ती अशीच हाय." आणि विषय बदलतात.

आश्रुबाची घरची ओळ गावात सगळ्यांत लांब. कारण त्याची लेक रेणुका परभणीला दिलेली, आणि तिच्या घरची भेंडीसुद्धा याच ओळीतून जायची. आश्रुबाची बायको कुसुमबाई दिवसाआड कापडी पिशवी भरून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायची. "परभणीत भाजी मिळत नाही का हो?" असं एकदा जावयानं विचारलं, तेव्हा कुसुमबाई म्हणाली, "मिळती की. आमीच पाठवतोत. म्हनून तर पिशवी देते." जावई खो खो हसला. त्याला तो विनोद वाटला.

आश्रुबा हा गावच्या शेतकरी कंपनीचा चेअरमन. त्याआधी तो सरपंचकीला दोनदा उभा राहिला आणि दोनदा पडला, दुसऱ्या खेपेला तर खुद्द भावकीनं पाडला. पुढं भेंडी विलायतेला पाठवायची टूम निघाली, अनुदानातून झरीच्या रस्त्याला पत्र्याची लांबलचक शेड उभी राहिली, आणि चेअरमनला नेमकं काय काम असतं हे कुणालाच माहीत नसल्यामुळं आश्रुबा बिनविरोध निवडून आला. त्या दिवसापासून तो इस्त्रीचे कपडे घालायला लागला. माणसाला एकदा इस्त्रीची सवय लागली की ती सुटणं महाकठीण.

आणि आता ती सुटायची वेळ आली होती. विलायतेच्या व्यापाऱ्याकडून तपासणीला माणूस येणार होता. तपासणीत शेड पास झाली तर बाभुळखेड्याची भेंडी बाभुळखेड्याच्याच नावानं विमानात बसणार. नापास झाली तर चेअरमनकी जाणार, आणि शेड दिनकररावांच्या ताब्यात जाणार, असं सभासदांनी मागच्याच बैठकीत ठरवून टाकलं होतं. दिनकरराव पंचायत समितीतून निवृत्त झालेले कारकून. त्यांना शेडमध्ये मंगल कार्यालय काढायचं होतं. अधूनमधून ते येत आणि आश्रुबाच्या देखत, त्याचा जराही मुलाहिजा न ठेवता, शेडची पाहणी करत.

"हात धुवायच्या बेसिनी लय कामाच्या," ते म्हणत. "पंगत उठली की सोय झाली. अन् ह्या थंड खोलीत नवरी बसवू. उन्हाळ्यातल्या तिथीला तर लोक नंबर लावतील."

आश्रुबाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण उत्तर देता येत नव्हतं, कारण थंड खोलीत आजवर भेंडीसुद्धा बसलेली नव्हती.

शेडचा खरा कारभार आश्रुबाची सून मनिषा बघायची. ती परभणीला शेतीचं कॉलेज शिकलेली, नियमाला पक्की. उंदराच्या पिंजऱ्यांना नंबर, चपलांना वेगळी जागा, डोक्याला टोपी, असा सगळा बंदोबस्त तिनं केला. बाया पदरावरून टोप्या घालायला तयार झाल्या, पण गाडं अडलं ते बांगड्यांवर. काच फुटून मालात गेली तर माल बाद, म्हणून बांगड्या काढायच्या, असा नियम. यावर भेंडी निवडणाऱ्या रुख्मिणीनं हातातला क्रेट खाली ठेवला आणि विचारलं, "विलायतेच्या बाईला भेंडी पायजे म्हनून मी नवरा जिता असताना हात उघडे करू का?" पंचफुलाही तिच्या बाजूनं उभी राहिली, मग बाकीच्या बाया. शेवटी मनिषानं कोपरापर्यंत घट्ट बसणाऱ्या कापडी बाह्या शिवून घेतल्या. बांगड्या आत, भेंडी बाहेर. विलायतेचा नियमही राहिला आणि रुख्मिणीचा नवराही.

व्यापाऱ्याच्या पत्रातल्या दोन अटी मात्र आश्रुबाच्या गळी उतरेनात. पहिली अट अशी की मालात जिती कीड एकसुद्धा सापडता कामा नये. दुसरी अशी की मालावर कीडनाशकाचा अंश इतका कमी हवा की तो असून नसल्यासारखा.

"कीड पन नको अन् औषध पन नको," आश्रुबा म्हणाला. "मंग किडीनं मरावं कशानं? लाजंनं?"

"मामा, ती येऊच न्हाई असं बघायचं," मनिषा म्हणाली. "सापळे लावू, निंबोळी मारू, रोज रान फिरून किडकी भेंडी वेचून काढू. अन् फवारावंच लागलं तर रानात लाल झेंडी रोवायची. झेंडी हाय तोवर तिथली भेंडी तोडायची न्हाई. कुनासाठीच न्हाई."

"आन् गाव काय म्हनंल? चेअरमनच्याच रानात झेंडी?"

"म्हनू द्या की."

शिकलेल्या माणसाला असं बोलणं सोपं असतं, असं आश्रुबाला वाटलं. पण सुनेशी वाद घालण्यात आजवर त्याला यश आलेलं नव्हतं. त्यानं झेंड्या शिवून आणल्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, तो इस्त्रीच्या कपड्यात रान बघायला गेला आणि एका भेंडीच्या पोटातून अळीनं डोकं बाहेर काढलं. चांगली जाडजूड, खाऊनपिऊन सुखी अळी. आश्रुबा जागच्या जागी गार पडला. पलीकडच्या तालुक्यातल्या एका कंपनीच्या मालात विलायतेला अशीच एक अळी निघाली होती, आणि तिच्या एकटीपायी अख्खा माल जाळून टाकला होता, असं त्यानं ऐकलं होतं. त्यानं भेंडी तोडून पायाखाली चिरडली. शेजारच्या झाडावर बघितलं, तर तिथंही एक भोक. मग त्याला प्रत्येक झाडावर भोकंच दिसायला लागली.

मनिषा तेव्हा शेडमध्ये बायांकडून उत्तरं घोकून घेत होती. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, 'चार अळ्या आहेत म्हणून खरं सांगा, आपण निवडून काढतो तेही सांगा.' खरं सांगून कुणी पास झाल्याचं आश्रुबाच्या ऐकिवात नव्हतं. म्हणून तिला न विचारता तो झरीला गेला आणि दुकानदाराकडून लाल शिक्क्याची, सगळ्यांत जहाल विषाची बाटली घेऊन आला.

"सकाळी रानात मुंगीसुद्धा दिसायची न्हाई," दुकानदार म्हणाला होता.

"आन् वास?"

"वास काय, वाऱ्यावर जातो."

आश्रुबाचा लेक दत्ता, मनिषाचा नवरा, आज्ञाधारक. त्यानं पंप पाठीला लावला आणि दिवस मावळायच्या आत सगळं रान फवारून काढलं. घरच्या ओळीपाशी आल्यावर त्याची नळी नेहमीसारखी खाली गेली. काम झाल्यावर, मनिषानं लावलेल्या सवयीमुळं, त्यानं बांधावर लाल झेंडी रोवली. आश्रुबानं ती उपटली, काठी उसात फेकली, कापडाची घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली.

"आबा, उद्या साहेबानं भेंडी तपासायला नेली तर?"

"ती ह्या रानातली कामून नेतील?" आश्रुबा म्हणाला. रस्त्यानं येतानाच त्यानं सगळी तजवीज मनाशी केली होती. "सकाळी घरची ओळ तोडायची अन् ते क्रेट शेडमधी ठेवायचे. तपासायच्या मशिनीत तेच जातील. बघायला हे रान, तपासायला ती ओळ. कीड न्हाई अन् औषध बी न्हाई. दोन्ही अटी पुऱ्या."

दत्ता बापाकडे बघतच राहिला. एवढी हिकमत सरपंचकीच्या वेळी कुठं गेली होती, हे त्याला कळेना.

सकाळी मोठ्या गडबडीत तोडणी झाली. रानात जून भेंड्या लोंबत ठेवल्या तर तपासणीत बरं दिसत नाही, म्हणून फवारलेलं रानही तोडावं लागलं. त्या क्रेटांचं काय करायचं, हे आश्रुबाला विचार करून ठरवावंसुद्धा लागलं नाही. "शेडमधी नको. टेम्पोत टाक अन् परभणीच्या बाजारात दे," तो दत्ताला म्हणाला. औषधाचा वास दबावा म्हणून बांधावर त्यानं उदबत्त्यांचा अख्खा पुडा खोचला. कुसुमबाई पिशवी घेऊन घरच्या ओळीत आली तेव्हा झाडं रिकामी होती.

"अहो, रेणुकाची पिशवी कशी भरू?"

"एक दिस ऱ्हाऊ दे की. आज कंपनीचा दिवस हाय, अन् तू पिशवी घेऊन बसलीस."

कुसुमबाई पुटपुटत परत गेली. तिला स्वयंपाकाची घाई होती. साहेब येणार म्हणून गावरान कोंबडा कापलेला होता.

साहेब आलेच नाहीत. गाडीतून उतरली ती मधुवंती. पुण्याहून तपासणीला आलेली, डोळ्यांवर चष्मा, हातात जाडजूड पिशवी, आणि पोट चांगलं दिसण्यासारखं. हार घेऊन उभे असलेले दिनकरराव दोन पावलं पुढं झाले आणि तिथंच थबकले. मनिषानं त्यांच्या हातातला झेंडूचा हार काढून घेतला, कारण फुलांतून कीड येते. नारळही शेडच्या दारात फोडू दिला नाही. तो रस्त्यापलीकडं नेऊन फोडला, आणि खोबरं कुत्र्यानं नेलं. स्वागताचं भाषण तेवढं उरलं. ते दिनकररावांनी केलं आणि त्यात दोनदा 'वधूवरांना' असा शब्द येता येता राहिला.

भाषण संपायची वाट न बघता कुसुमबाईनं मधुवंतीचा हात धरला.

"कितवा?"

"सातवा लागलाय."

"अगं माय! अन् अशी उन्हातान्हाची गाडीनं हिंडायलीस? आदी घरी चल. घोटभर पानी पी, दोन घास खा. शेड काय पळून जायली का?"

"काकू, आधी काम..."

पण कुसुमबाईपुढं कामाचं काही चालत नाही. मधुवंती घरी गेली. कोंबडा मागं राहिला, आणि भाकरी, वरण, कोहळ्याची गोड भाजी असं तिला सोसेल ते पुढं आलं. जेवण झाल्यावर कुसुमबाईनं पाट मांडला, हळदकुंकू लावलं आणि खण, नारळ, तांदूळ घालून तिची ओटी भरली. दारात आलेली पोटुशी बाई तशीच रिकामी पाठवायची नसते. मधुवंतीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "माझी आई नाही हो काकू. यंदा ओटी भरायला कुणी नव्हतं."

"मी हाय की," कुसुमबाई म्हणाली. "आजपासून तू आमची लेक. रेणुकासारखी."

आश्रुबा दारात उभा राहून हे बघत होता आणि मनात त्याला उकळ्या फुटत होत्या. ओटी भरून घेतलेली बाई नापास कशी करील, असा त्याचा हिशोब. एवढ्यात मधुवंती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "हा नारळ आणि खण मला भेट म्हणून कळवावं लागेल हं. आमचा नियम आहे." आश्रुबाचा हिशोब जरा हलला. पण मोडला नाही.

शेडमध्ये मधुवंती वेगळीच झाली. उंदराचा एकेक पिंजरा वाकून बघितला. नळ सोडून बघितले, आणि नळाला पाणी आलं याचं खुद्द आश्रुबालाच नवल वाटलं. मग ती बायांकडे वळली.

"हात कधी धुता?"

"आत येताना, जेवल्यावर, शिंकल्यावर, बाहेरून आल्यावर, अन् तुमी सांगाल तवा," सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या.

"मी एकीलाच विचारलं होतं."

"मॅडम, आमी समद्या मिळून धुतोत," पंचफुला म्हणाली.

मधुवंतीला हसू आवरेना. कापडी बाह्या बघून तर ती इतकी खूश झाली की तिनं त्यांचा फोटो काढला. घरच्या ओळीच्या क्रेटातून तिनं स्वतःच्या हातानं नमुना भरला, पिशवीला सील केलं. "थोड्या वाकड्या आहेत भेंड्या," ती म्हणाली. "गावरान वळन हाय," आश्रुबा म्हणाला, आणि मनातल्या मनात त्या ओळीला त्यानं हात जोडले. दिनकरराव तोवर पाय आपटत थंड खोलीच्या दारातून बाहेर निघून गेले होते.

"शेड छान आहे," मधुवंती म्हणाली. "आता रान बघू, आणि सही करते."

आश्रुबाला वाटलं, जिंकलं. उद्या सकाळी आपण पारावर बसू, सरपंच स्वतः उठून येईल आणि नमस्कार करील. त्या नमस्काराला कसं उत्तर द्यायचं याचा विचार करतच तो रानाच्या वाटेला लागला. मागून मनिषा, कुसुमबाई, पदर खोचलेल्या बाया, आणि आता काय होतंय ते बघायला निघालेलं अर्धं गाव.

रान खरंच देखणं दिसत होतं. हिरवीगार पानं, पिवळी फुलं, आणि तोडणीनंतर झाडाझाडावर राहिलेल्या बोटभर कोवळ्या भेंड्या. मधुवंती ओळीतून हळूहळू चालत गेली. तिनं पानं उलटी करून बघितली, भेंड्या चिरून बघितल्या.

"कमाल आहे," ती म्हणाली. "एक अळी नाही, एक माशी नाही. मुंगीसुद्धा नाही."

"मेहनत हाय मॅडम," आश्रुबा म्हणाला.

मनिषानं एकदा रानाकडं बघितलं आणि एकदा सासऱ्याकडं. तिचे चिकट सापळेसुद्धा त्या दिवशी रिकामे होते. ती बांधावर काहीतरी शोधायला लागली. तिला तिथं फक्त उदबत्त्या सापडल्या.

मधुवंतीनं पिशवीतून कागद काढला, टोपण काढलेला पेन हातात धरला. आणि सही करायच्या ऐवजी ती समोरच्या झाडाकडं बघून हसली.

"माझं आजोळ सेलूचं," ती म्हणाली. "लहानपणी आम्ही रानात जाऊन अशीच कच्ची भेंडी खायचो. कोवळी, कुरकुरीत. हे दिवस लागल्यापासून काही खावंसं वाटत नाही, पण ही भेंडी मात्र सारखी आठवते. खाऊ ना एक?"

"खा की माय!" कुसुमबाई म्हणाली. "डोहाळ्याला कुनी न्हाई म्हनतं का?"

मधुवंतीनं सगळ्यांत कोवळी भेंडी हेरून तोडली, साडीला पुसली आणि तोंडाकडं नेली.

तिथं उभ्या असलेल्यांत फवारलेलं फक्त आश्रुबाला माहीत होतं. दत्ता टेम्पो घेऊन परभणीला गेलेला. एवढ्याशा वेळात आश्रुबाच्या मनानं त्याला पुष्कळ गोष्टी समजावून सांगितल्या. एका भेंडीनं काय होतं. लोक किलो किलो खातात, त्यांना कुठं काय होतं. आत्ता गप्प बस, ती खाईल, सही करील, गाडीत बसेल, पुणं गाठेल. हे सगळं त्याला पटलंसुद्धा. आणि पटलेलं असतानाच त्याला तिच्या कपाळावरचं कुसुमबाईच्या बोटाचं कुंकू दिसलं.

त्यानं झेप घेतली आणि तिच्या हातावर फाडकन चापट मारली. भेंडी उडून मातीत पडली. पेन कुठं गेला तो सापडलाच नाही.

"लेकी, न्हाई! ह्या रानातलं न्हाई खायचं!"

आपण काय केलं हे आश्रुबाला जरा उशिरा कळलं. त्याला दरदरून घाम फुटला. तोंड पुसायला त्यानं खिशात हात घातला, कापड काढलं आणि चेहऱ्यावरून फिरवलं. ते कापड लाल होतं. मनिषानं ते लगेच ओळखलं.

"मामा," ती म्हणाली. "झेंडी?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आश्रुबानं सगळं सांगितलं. अळी सांगितली, बाटली सांगितली, आणि सीलबंद पिशवीतली भेंडी कुठल्या ओळीची तेही सांगितलं. बोलता बोलता त्याला हलकंसुद्धा वाटायला लागलं. गेली तर जाऊ दे चेअरमनकी, पण दारी आलेल्या लेकीला आपण वाचवलं, असं वाटून त्याची छाती थोडी वर आली. माणूस मोठा अजब. अपराध कबूल करतानाही त्याला शाबासकी हवी असते.

मधुवंती शांतपणे ऐकत होती. तिचा हात पोटावर गेला होता.

"मान्यता नाही देता येणार," ती म्हणाली.

"न्हाईच देता येनार," मनिषा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो सासऱ्यापासून लपवायचा तिनं अजिबात प्रयत्न केला नाही.

"मला त्या ओळीतली तरी द्या एखादी," मधुवंती विहिरीकडं बघून म्हणाली. "घरच्या ओळीतली."

"तिथं काय ऱ्हायलं न्हाई माय," कुसुमबाई हळहळली. "समदी शेडमधी नेली, तुझ्या मशिनीसाठी. म्हनून तर आज रेणुकाची पिशवी बी गेली न्हाई."

"कुठली पिशवी?"

कुसुमबाईनं पिशवीची गोष्ट सांगितली. कंडक्टर सांगितला, जावयाचा विनोद सांगितला. मधुवंती हसली नाही.

"मग आज त्या काय करतील?"

"घेईल की परभणीच्या बाजारातून एक दिस."

"आणि आज सकाळी तोडलेली ह्या रानातली भेंडी कुठं गेली?" मधुवंतीनं विचारलं. तिनं ते साधेपणानंच विचारलं होतं. तपासणीतला नेहमीचा प्रश्न होता तो.

कुणी उत्तर द्यायच्या आतच बांधावरून दत्ता आला. रिकामा टेम्पो रस्त्याला लावून तो सरळ रानात आला होता आणि झाल्या प्रकाराची त्याला काहीच कल्पना नव्हती.

"आबा, हातोहात गेला माल!" तो लांबूनच ओरडला. "एक्स्पोर्टचा हाय म्हनून सांगितलं, तर भाजीवाल्यांनी उड्या टाकल्या!"

आश्रुबाची वर आलेली छाती जागच्या जागी बसली. आजवर परभणी म्हणजे त्याच्या लेखी एक लांबचं, मोठं, बिनचेहऱ्याचं तोंड होतं. त्यात काय वाटेल ते घालावं. आता त्या तोंडाला रेणुकाचा चेहरा आला. त्यानं खिशातला फोन काढून दत्ताच्या हातात दिला आणि रेणुकाला लावायला सांगितला. ऐकू यावं म्हणून कुसुमबाईनं तो मोठ्या आवाजावर टाकायला लावला.

"हां आबा, बोला," रेणुका म्हणाली. मागं फोडणीचा आवाज येत होता. "झाली का तपासणी? पास झालात का?"

"तू काय करायलीस?"

"स्वयंपाक. हे यायलेत जेवायला. आज पिशवी आली न्हाई ना, म्हणून मीच बाजारात गेले होते."

"काय आनलंस?"

"भेंडीच आणली. लय कोवळी मिळाली आबा, एक डाग न्हाई, एक भोक न्हाई. तुमच्या त्या पिशवीतली निम्मी तर किडकीच असती. आत्ता कढईत टाकायलेच."

"टाकू नको," आश्रुबा म्हणाला. "फेकून दे."

"कामून?"

समोर गाव उभं होतं. मनिषा, बाया, मागाहून धावत आलेले दिनकरराव, पोटावर हात ठेवलेली मधुवंती. बांधावर उदबत्त्यांची राख वाऱ्यानं उडत होती.

"आबा, ऐकू यायलं का?" रेणुका म्हणाली. "फेकू कशाला? परकी न्हाई हो. भाजीवाल्यानं सांगितलं, बाभुळखेड्याची हाय, चेअरमनच्या रानातली. आपलीच हाय म्हणून तर आवर्जून घेतली."

"म्हनूनच म्हनतो, रेणुके," आश्रुबा म्हणाला. "आपली हाय म्हनूनच फेक."

फोडणीचा आवाज बराच वेळ तसाच येत राहिला. मग तो बंद झाला. आश्रुबानं हातातलं लाल कापड झटकलं आणि उसात फेकलेली झेंडीची काठी शोधायला तो वाकला.